मागच्या सीटवर कोण बसतं

मालवणात ‘लक्झरी’ हे नाम आहे. संध्याकाळी मुंबईहून सुटणारी, रात्रभर हायवेवर आदळत-आपटत येणारी आणि सकाळी पिशव्या, पोरं आणि ओकारीच्या वासासकट चाकरमान्यांना नाक्यावर उतरवणारी खासगी बस म्हणजे लक्झरी. “येष्टीन इलंस की लक्झरीन?” असं विचारतात. एसटीपेक्षा सीट थोडी जास्त मागे जाते, एवढ्या पुण्याईवर तिला हे नाव मिळालं. लहानपणी मला ते फसवं वाटायचं. आता गाड्यांच्या धंद्यात पाच वर्षं काढल्यावर वाटतं, व्याख्या काही वाईट नाही. सीट मागे जाते आणि आपण झोपलेलो असताना दुसरं कुणीतरी रात्रभर जागं राहतं.

यूट्यूबवर गाड्यांचे रिव्ह्यू तुम्हीही बघत असाल. महागड्या गाडीचा रिव्ह्यू असला की त्यात एक प्रसंग हमखास येतो. रिव्ह्यू करणारा आधी पुढे बसतो, ड्रायव्हरची सीट स्वतःच्या उंचीला लावतो, मग उतरून मागे जातो आणि म्हणतो, “मी पाच फूट दहा इंच आहे आणि आता मी माझ्याच मागे बसलोय.” गुडघे आणि पुढची सीट यांच्यात मूठ घालून दाखवतो. जागा मोजायची पद्धत म्हणून हे बरोबरच आहे. पण त्या फ्रेममध्ये पुढची सीट रिकामी असते. एकच माणूस गाडी चालवतो आणि तोच मागे पाय पसरून बसतो. अडीच कोटींच्या गाडीत हे घडत नाही. तिथे पुढे एक माणूस असतो आणि मागे दुसरा. दोघांचे पगार, पत्ते आणि जेवायच्या वेळा वेगळ्या असतात. रिव्ह्यूत लेदरचं वर्णन येतं, स्पीकर किती ते येतं, मसाज किती प्रकारचा ते येतं. पुढच्या माणसाबद्दल एक वाक्य येत नाही.

मला हे खटकतं त्याला कारण आहे. माझे बाबा ड्रायव्हर. वीसेक वर्षं त्यांनी भाड्याची गाडी चालवली. आधी दुसऱ्याची, मग कर्ज काढून स्वतःची सेकंडहँड टाटा सुमो. (सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलं असं आम्ही पोरं समजायचो. ते सुमंत मुळगावकरांच्या नावाची पहिली अक्षरं जोडून ठेवलं, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं.) कुडाळ स्टेशनवर पाहुणे घ्यायचे, तारकर्ली, किल्ला, देवबाग दाखवायचं, कधी गोवा, कधी कोल्हापूर. बिलात गाडीचे किलोमीटर वेगळे लावायचे आणि खाली एक ओळ: ‘ड्रायव्हर भत्ता, नाईट हॉल्ट, ३०० रुपये’. पाहुणे बहुतेक त्याच ओळीवर घासाघीस करायचे.

बाबांचा एक नियम होता. “पावणो निजलो म्हणजे गाडी बरी चलली.” पाहुण्याने गाडीची स्तुती केली तर ते ऐकून घेत, पण विश्वास ठेवत नसत. आरशात मागे बघायचे. माणसं डोळे मिटून पडली असली, लहान मूल आईच्या मांडीवर आडवं झालं असलं, की समाधान. करूळ घाट चढून गगनबावड्यापर्यंत एकदाही कुणी “जरा हळू घ्या हो” म्हटलं नाही, तर त्या दिवशी घरी ते जास्त बोलायचे.

मी हिंजवडीत एका कंपनीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या ब्रेकिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. लागल्यावर काही महिन्यांनी माझ्याकडे एक काम आलं: गाडी थांबताना बसणारा शेवटचा हिसका घालवायचा. शाळेत वेग आणि त्वरण शिकवतात. त्वरण ज्या वेगाने बदलतं त्याला इंजिनिअरिंगमध्ये ‘जर्क’ म्हणतात. माणसाच्या मानेला आणि पोटाला वेग कळत नाही, जर्क कळतो. ब्रेक एकसारखा दाबून ठेवला तर गाडी थांबते त्या क्षणी मंदन एकदम शून्य होतं, आणि सगळ्यांच्या माना आधी पुढे, मग मागे जातात. उपाय सोपा आहे. थांबायच्या किंचित आधी ब्रेक हलका सोडायचा, मग गाडी थांबलेली कळतही नाही. दोन आठवडे आम्ही त्या उताराची वक्ररेषा घासत बसलो. ग्राहकाकडून आलेल्या कागदावर या कामाचं नाव होतं ‘प्रीमियम स्टॉप फील’. मी फोनवर बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मगे? ब्रेक सोडूक येना नाय तो डायवर कसलो?”

तेव्हापासून मी गाड्यांच्या लक्झरीचा इतिहास जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागलो.

लेदरचंच घ्या. आज ‘लेदर सीट’ हा श्रीमंतीचा पहिला पुरावा समजला जातो; बारा लाखांच्या गाडीतही नकली लेदर ताणून बसवतात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मालक मागे आणि ड्रायव्हर पुढे अशा गाड्या बनायच्या तेव्हा, लेदर असायचं ड्रायव्हरच्या सीटला. तो उघड्यावर बसायचा. पाऊस, चिखल, ऊन सोसेल असं टिकाऊ, पुसून काढता येईल असं कातडं त्याला. मागे, बंद डब्यात, मालकाला मऊ लोकरी कापड. घोडागाडीची ही रीत गाडीत आली होती. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर आलं, मग मालक स्वतःच चालवायला लागला आणि कातडं त्याच्याबरोबर वर चढलं. जपानमध्ये टोयोटाची ‘सेंच्युरी’ नावाची गाडी १९६७ पासून आहे. साकिची टोयोडांच्या जन्मशताब्दीचं नाव. तिथे अजून जुनी रीत पाळली जाते: सीटवर लोकर, कारण लेदर हलताना आवाज करतं, काचांना जाळीदार पडदे, आणि जुन्या सेंच्युरीत पुढच्या डाव्या सीटच्या पाठीतून आरपार पाय लांब करायची सोय. दाखवण्यासाठी तिच्यात जवळपास काही नाही. मला विचाराल तर गाडी म्हणून चाकणच्या मायबाखपेक्षा ती वरची. पण लक्षात घ्या, तीही मागून बघायचीच गाडी आहे. सेंच्युरीच्या पुढच्या सीटवरून जग कसं दिसतं, हे मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

आता १९५८ सालच्या एका जाहिरातीकडे या. डेव्हिड ओगिल्व्हीने रोल्स-रॉईससाठी लिहिलेली ही जाहिरात कॉपीरायटिंगच्या वर्गात देवासारखी पुजली जाते. साठ मैलांच्या वेगातही गाडीतला सगळ्यात मोठा आवाज इलेक्ट्रिक घड्याळाचा येतो, असा तिचा मथळा. सगळे मथळ्याशी थांबतात. खालचा मजकूर वाचला तर त्यात आणखी एक गोष्ट ठासून सांगितली आहे: ही मालकाने स्वतः चालवायची गाडी आहे, पॉवर स्टिअरिंग आहे, ऑटोमॅटिक गिअर आहे, ड्रायव्हर ठेवायची गरज नाही. अमेरिकन मध्यमवर्गाच्या वरच्या थराला रोल्स विकायची तर हे सांगणं भाग होतं, कारण तिथे माणूस महाग झाला होता. माणूस महाग झाला की लक्झरी पुढच्या सीटवर सरकते. मग ‘ड्रायव्हिंग प्लेझर’ची भाषा येते, स्टिअरिंगची पकड येते, वळणावर गाडी कशी चिकटते त्याच्या कविता येतात.

आपल्याकडे उलटं झालं. मर्सिडीज १९९४ मध्ये पुण्यात आली, २००९ मध्ये चाकणला तिचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि २०१७ मध्ये तिथून लांब व्हीलबेसची ई-क्लास निघाली. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास पहिल्यांदा भारतासाठी बनली. नेहमीच्या गाडीपेक्षा चाकांमधलं अंतर १४० मिलिमीटर जास्त. हे १४ सेंटिमीटर सगळेच्या सगळे मागच्या पायांना दिले आहेत. ड्रायव्हरच्या वाट्याला एक मिलिमीटरही आलेला नाही. कंपनीचं यात काही चुकलं असं मी म्हणत नाही. तिने बाजार नीट वाचला. गाडी लांब करायला पैसे पडतात, पुढे माणूस बसवायला त्या मानाने काहीच पडत नाहीत, हा तो बाजार. अँबॅसिडरच्या काळापासून हेच आहे. तिच्या मागच्या बाकावर पांढरा टॉवेल अंथरला की साहेब झाला. पुढच्या बाकावर टॉवेल कधी पाहिलात?

आवाजाबद्दल दोन शब्द, कारण सगळ्या रिव्ह्यूंचा जीव तिथे अडकलेला असतो. रोल्स-रॉईसने २०२० च्या घोस्टमध्ये आवाज शोषणारं १०० किलोहून जास्त साहित्य घातलं. मग त्यांच्याच लोकांच्या लक्षात आलं की पूर्ण शांततेत माणसाला चमत्कारिक वाटतं, आणि त्यांनी मुद्दाम एक हलकी कुजबूज ठेवली. माझ्या आजीला हे १०० किलो न घालताच माहीत होतं. मुंबईच्या काकांनी नवी मोठी गाडी आणली तेव्हा तिला मागे बसवून आंगणेवाडीला नेलं. काचा बंद, एसी चालू, गाडी अगदी चिडीचूप. आजी पाच मिनिटं सोसून म्हणाली, “गाडी बरी आसा. पण वारो खय?” काकांनी एसी वाढवला. तिला एसी नको होता. बाहेर काय चाललंय ते कानाला आणि गालाला कळायला हवं होतं. शेवटी काच चार बोटं खाली आली आणि मग ती बोलायला लागली.

खड्ड्यांची गोष्ट याहून मोठी. २०१३ च्या एस-क्लासमध्ये एक करामत आली: पुढच्या काचेमागचे दोन कॅमेरे साधारण १५ मीटर पुढचा रस्ता वाचतात, उंचवटे मोजतात आणि चाक तिथे पोहोचायच्या आत त्या चाकाचं सस्पेन्शन तयार ठेवतात. इंजिनिअर म्हणून माझं मन भरून येतं. पण जुलै महिन्यातला मुंबई-गोवा हायवे डोळ्यांपुढे आणा. २०११ मध्ये चौपदरीकरण सुरू झालं आणि त्या काळात बालवाडीत गेलेली मुलं नोकरीला लागतील, तरी रायगड-रत्नागिरीतले काही तुकडे आपल्या जागी आहेत. (२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा मोटारी वॅगनवर चढवून न्यायची सोय काढली. रस्ता नीट होत नाही तर गाडीलाच मागच्या सीटवर बसवू, ही कल्पना मला मनापासून आवडली.) पाण्याने भरलेला खड्डा कॅमेऱ्याला काय, कुणालाच सपाटच दिसतो. बाबा म्हणायचे, “खड्डो बघूचो नाय, म्हायत आसाक होयो.” परवा इथे डबकं नव्हतं, आज आहे, पुढचा ट्रक या जागी उगाच डावीकडे का सरकला, या वळणावर दरवर्षी याच कडेला रस्ता खचतो. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि मागच्या माणसाला त्यातलं काहीही कळत नव्हतं. कळलं नाही, हेच त्यांचं काम.

गाडीतली लक्झरी याच वस्तूची बनलेली असते, असं मला वाटतं: दुसऱ्याचं लक्ष. तुम्हाला लक्ष द्यावं लागत नाही, कारण कुणीतरी देतंय. लेदर, लाकूड, शांतता ही त्या लक्षाची पावती. सेंच्युरीचं कापड निवडणाऱ्याने आवाजाकडे लक्ष दिलं, रोल्सवाल्याने कुजबुजीकडे. रोल्स-रॉईस पूर्वी मालकांच्या ड्रायव्हरांसाठी शाळा चालवायची. म्हणजे नुसत्या यंत्रातून लक्झरी तयार होत नाही हे त्यांना ठाऊक होतं, फक्त जाहिरातीत ते सांगत नव्हते. रोल्सच्या दारात छत्री असते, आणि तेव्हाच्या औरंगाबादला जुळणी होणाऱ्या स्कोडा सुपर्बच्या दारातही असायची. रिव्ह्यूवाले ती बाहेर काढून दाखवत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद असे. आमच्या सुमोत ड्रायव्हरच्या सीटखाली एक काळी छत्री असायची. तिला खाचा नव्हती आणि पाणी निथळायला नळी नव्हती. पावसात गाडी थांबली की ती घेऊन बाबा आधी उतरायचे. दाराची छत्री तुम्हाला स्वतः उघडावी लागते, हे मात्र कोणत्याच रिव्ह्यूत ऐकलं नाही.

इथपर्यंत लिहून मी परत वाचलं आणि मला माझीच शंका आली. बाबांना मी कारागीर करून टाकलं, जणू ते सतार वाजवत होते. खरं सांगायचं तर तारकर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुणे एसी खोलीत गेले की ड्रायव्हरला जागा नसायची. बाबा सुमोच्या मधल्या सीटवर आडवे व्हायचे, गुडघे पोटाशी, काच दोन बोटं खाली, डॅशबोर्डवर मच्छर अगरबत्ती. मागच्या सीटशी त्यांचा संबंध एवढाच आला. सकाळी सहाला पाहुण्यांना डॉल्फिन बघायचे असायचे. सलग अठरा तास चालवून आल्यावर एकदा ते जेवताना ताटावर झोपले, आणि आईने त्यांचा हात धुवून दिला. त्या दिवशी त्यांच्या गाडीत कुणीतरी निवांत निजलं असेल. लक्ष ही गोष्ट संपणारी आहे. मागच्या माणसाची झोप कुणाच्या तरी झोपेतून कापून घेतलेली असते. मी लिहिलेला ब्रेकचा कोड दमत नाही, भत्ता मागत नाही, त्याला मूळव्याध होत नाही. म्हणून तो वाईट असं मला म्हणता येत नाही. उलट हायवेवर रात्री तीन वाजता चाललेल्या प्रत्येक लक्झरी बसमध्ये तो असावा असं वाटतं. तो तिथे शेवटी पोहोचेल आणि अडीच कोटींच्या गाडीत आधी, ही तक्रार आहे.

आणि नॅनो? जानेवारी २००८ मध्ये ती दाखवली तेव्हा रतन टाटांनी पावसात स्कूटरवर चाललेल्या चौघांच्या कुटुंबाची गोष्ट सांगितली होती. त्या कुटुंबाच्या बाजूने बघा. कोरडं राहणं, धाकट्याला पुढे उभं न करता मांडीवर घेता येणं, बोलताना मान वळवून ओरडावं न लागणं. या लेखाच्या व्याख्येने नॅनो ही शंभर टक्के लक्झरी गाडी होती, कारण कुणीतरी त्या चौघांकडे लक्ष दिलं होतं. तिला ‘सगळ्यात स्वस्त’ म्हणून विकलं आणि तिथेच ती मेली. ज्याला पहिल्यांदा चार चाकं परवडणार, त्याला तुम्ही सांगता की शेजाऱ्यांना आता तुमची ऐपत कळेल. कोण घेईल?

ऐपत बघणाऱ्यांच्या डोळ्यांत असते, हे कोल्हापूरच्या दसऱ्याइतकं कुठे दिसत नाही. छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मायबाख सीमोल्लंघनाच्या दिवशी दसरा चौकात येते. झेपेलिन वायुजहाजांची इंजिनं बनवणारी ही जर्मन कंपनी; हिच्या नावाची आजची गाडी चाकणला जुळते, २०२२ मध्ये अडीच कोटींपासून. मी सहावीत असताना बाबा एका कुटुंबाला दसऱ्यासाठी घेऊन गेले, मीही सुमोत सगळ्यात मागे, आडव्या बाकावर बसून गेलो. गर्दीत कुणाच्या तरी खांद्याआडून मला ती लांबलचक गाडी दिसली. सगळे मागे बघत होते, महाराज कुठे बसलेत ते. बाबा पुढे बघत होते. चालत्या माणसाच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही बाजूंनी हात आत येतायत, आणि गाडी एकदाही गचका न खाता चालली होती. परतीच्या घाटात अंधार पडल्यावर ते एवढंच म्हणाले, “एवढ्या गर्दीत क्लचचो वास इलो नाय.” मायबाखचं मी ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं परीक्षण.

गेल्या वर्षी त्यांनी सुमो विकली. मी पैसे साठवले होते आणि मनात एक मूर्ख हट्ट होता: बाबांना एकदा मागे बसवायचं. एका मित्राच्या ओळखीने पुण्यात एका मोठ्या जर्मन गाडीची चक्कर मिळाली. शोरूमचा तरुण ड्रायव्हर पुढे, बाबा मागे डावीकडे, मी त्यांच्या शेजारी. मी बटण दाबून त्यांची सीट मागे झोपवली, पायाखालचा आधार वर आणला. ते दोन मिनिटं तसे राहिले आणि मग पोटाने जोर लावून उठून बसले, पुढच्या सीटच्या कडेला हात धरून. “सीट बरी आसा. पण रस्तो खय दिसता?” बाणेरच्या सिग्नलला त्यांचा उजवा पाय गालिच्यावर ब्रेक शोधत होता. उतरल्यावर मी विचारलं, कशी वाटली? त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. “तेका ब्रेक सोडूक येता,” ते म्हणाले, आणि त्या पोराकडे जाऊन शुद्ध मराठीत विचारलं, “जेवलास का रे?”

ब्रेक तो पोरगा सोडत होता की गाडीतला कोड, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आम्ही शेवटी एक साधी हॅचबॅक घेतली, तीन वर्षं वापरलेली. मॅन्युअल, ऑटोमॅटिक त्यांनी नाकारली. सुमोत आईला फारसं बसायला मिळालं नव्हतं. सीझनला सीट विकायच्या असायच्या आणि बाकीच्या वेळी डिझेल कोण घालणार. पहिल्या दिवशी ओरोसला कागदपत्रांचं काम होतं. मागच्या सीटवर मी, पिशव्या आणि देवळातला नारळ. आई पुढे, बाबांच्या शेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. मालवण सुटेपर्यंत ती प्रत्येक घर कुणाचं ते सांगत होती. कट्टा यायच्या आत तिची मान खिडकीकडे कलली. बाबांनी तिच्याकडे एकदा बघितलं, रेडिओ बंद केला आणि पुढच्या गतिरोधकाला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली.